स्टॉप-डाउन मीटरिंग: जुन्या फिल्म कॅमेऱ्यात उजेड मोजायची पहिली शिकवणी

लेन्सशेजारचा खटका वर केला की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो, कॅमेरा बिघडलाय का? आजोबांच्या कपाटातला किंवा जुन्या बाजारातून घेतलेला फिल्म कॅमेरा घेऊन येणारी नवी मुलंमुली मला आधी हेच विचारतात. नाही, बिघडलेला नाही. अंधार होतोय म्हणजे कॅमेऱ्याचा निदान अर्धा भाग तरी ठणठणीत आहे. त्या अंधारातच उजेड मोजायचा असतो. या पद्धतीला स्टॉप-डाउन मीटरिंग म्हणतात.

मी हे शिकले मामाच्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवर. त्यामुळे पुढे सगळं त्याच कॅमेऱ्याला धरून सांगते. प्रॅक्टिका, झेनिट, जुना कॅनन यांतलं काही तुमच्याकडे असेल तर खटक्याची जागा बदलेल, बाकी बरंचसं तसंच लागू पडतं.

अंधार का होतो

लेन्सच्या आत पातळ पात्यांची एक चक्ती असते, ते ॲपर्चर. एफ १.८ ला ती सताड उघडी, एफ १६ ला जवळजवळ मिटलेली. आपण फ्रेम लावताना आणि फोकस करताना चित्र लख्ख दिसावं म्हणून कॅमेरा ती उघडीच ठेवतो, लेन्सच्या रिंगवर तुम्ही कोणताही आकडा लावलेला असो. शटर दाबलं की क्षणभर पाती तुमच्या आकड्यापर्यंत मिटतात, फिल्मवर उजेड पडतो, पाती परत उघडतात.

मग मीटरने मोजायचं काय? उघड्या लेन्समधून येणारा उजेड मोजला, तर फोटो काढताना त्यातला किती कमी होणार हे कॅमेऱ्याला ठाऊक हवं. म्हणजे रिंगवरचा आकडा लेन्सने कॅमेऱ्याला कळवायला हवा. इथे गाडी अडते. स्पॉटमॅटिकची लेन्स स्क्रूसारखी फिरवून बसवतात. ४२ मिलिमीटर व्यासाचा हा आटा, ज्याला सगळे एम ४२ म्हणतात, ड्रेस्डेनला बनलेल्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्यावर १९४९ साली आला आणि मग पूर्व जर्मनी, जपान, रशिया असा सगळीकडे पसरला. लेन्सच्या मागे त्यात फक्त एक बारीक पिन असते. कॅमेरा ती पिन आत ढकलतो आणि पाती मिटतात. ‘मिट’ एवढा एकच निरोप कॅमेरा लेन्सला देऊ शकतो. ‘मी एफ ८ वर आहे’ हे उलट सांगायला लेन्सला तोंडच नाही.

यावर पेंटॅक्स बनवणाऱ्या ‘असाही’ नावाच्या कंपनीने काढलेला मार्ग मला आजही फार आवडतो. लेन्स सांगू शकत नाही ना, मग पाती खरोखरच मिटवा आणि जो उजेड उरेल तो खरोखरच मोजा. स्पॉटमॅटिक १९६४ साली बाजारात आला तो याच पद्धतीने. त्याच्या आदल्याच वर्षी टॉपकॉनच्या आरई सुपरने उघड्या लेन्समधून मोजून दाखवलं होतं, पण त्यासाठी लेन्सही तशाच जोडणीच्या लागायच्या. स्पॉटमॅटिकवर मात्र लोकांच्या घरातल्या जुन्या आट्याच्या लेन्स तशाच चालल्या. पुढे १९७३ च्या स्पॉटमॅटिक एफ मध्ये लेन्सवरचा आकडा कॅमेऱ्याला कळवणारी वेगळी कळ बसवली आणि १९७५ साली पेंटॅक्सने आटाच सोडून के माउंट ही नवी जोडणी घेतली.

नावावर जाऊ नका. १९६० साली कलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात मांडलेला नमुना चित्राच्या मधला एक ठिपकाच मोजायचा, म्हणून ‘स्पॉट’. विक्रीला आलेला कॅमेरा मात्र सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो, नाव तेवढं जुनं राहिलं. नवशिक्यांचे निम्मे रोल या नावामुळे फसतात. मधल्या गोलात चेहरा धरला की चेहराच मोजला जाईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, कोपऱ्यातलं आभाळही त्यात धरलं जातं.

तुमच्या कॅमेऱ्यावर खटका कुठे आहे

स्पॉटमॅटिक, एसपी ५०० आणि एसपी १००० वर तो लेन्सच्या बाजूला, कॅमेरा डोळ्याला लावल्यावर तुमच्या डाव्या हाताला येतो. बोटाने वर सरकवायचा. मीटर चालू होतो आणि पाती मिटतात, दोन्ही एकदमच. शटर दाबलं की तो आपोआप खाली येतो.

प्रॅक्टिका सुपर टीएल आणि एमटीएल मालिकेत शटरच्या बटणाशेजारी वेगळी कळ असते, ती मोजेपर्यंत दाबून धरायची. झेनिट टीटीएल आणि १२ एक्सपी वर शटरचं बटणच अर्धं दाबायचं. टीटीएल मध्ये काटा हलतो, १२ एक्सपी मध्ये काट्याऐवजी दोन लाल दिवे लागतात. अर्धं दाबताना पुरं दाबलं जाऊन फ्रेम वाया जाणं झेनिटवाल्यांना नवं नाही. आधी रिकाम्या कॅमेऱ्यावर बोटाला सवय करा. कॅनन एफटी क्यूएल वर पुढच्या बाजूचा लिव्हर लेन्सकडे ढकलायचा.

पेंटॅक्स के १००० असेल आणि त्यावर त्याचीच के लेन्स असेल, तर हा लेख तुम्हाला लागणार नाही. तो उघड्यावरच मोजतो. त्यावर ॲडॉप्टर लावून आट्याची लेन्स बसवलीत की मग या.

खरेदी करताना एक तपासणी जरूर करा. लेन्सकडे समोरून बघत, रिंग एफ १६ वर ठेवून खटका वर करा. पाती चटकन मिटली पाहिजेत आणि खटका खाली केल्यावर चटकन उघडली पाहिजेत. ती आळसावल्यासारखी हलत असतील तर त्यांवर तेल आलंय. अशा लेन्सवर मीटर अगदी बरोबर मोजेल आणि फोटो तरीही ओव्हर, म्हणजे जास्त उजेडाचा, येईल, कारण मोजताना पात्यांना मिटायला निवांत वेळ मिळतो, शटर उडताना मिळत नाही.

सेल

जुने मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. पारा विषारी, म्हणून ते सेल बंद झाले. आज मिळणारा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्टचा असतो. जास्त व्होल्टमुळे मीटर चुकेल ना?

स्पॉटमॅटिकमध्ये चुकत नाही. त्याचा मीटर तराजूसारखा आहे. काटा मधोमध आला की दोन्ही पारडी सारखी झालेली असतात आणि काट्याच्या तारेतून वीज वाहतच नाही. तराजू समतोल असताना दांडी पितळेची आहे की लोखंडाची याने काय फरक पडतो, तसंच सेल १.३५ चा की १.५५ चा याने इथे पडत नाही. म्हणून घड्याळाच्या दुकानात जा आणि ३९४ नंबरचा सिल्व्हर ऑक्साइड सेल मागा. जाडी बरोबर बसते, व्यास मूळ सेलपेक्षा थोडा कमी आहे. तो हलू नये म्हणून भोवती एक छोटी रबराची रिंग घाला. नळदुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या बारक्या ओ-रिंगमधली एखादी बसून जाते. कॅमेऱ्याच्या बुडाचं झाकण नाण्याने फिरतं. फिरत नसेल तर जोर करू नका, सेल गळून आटा गंजलेला असतो. कापसाच्या काडीला थोडा व्हिनेगर लावून ठेवा, वाट बघा, मग परत फिरवा.

६२५ नंबरच्या मोठ्या सेलवर चालणाऱ्या ज्या कॅमेऱ्यांत ही तराजूची रचना नाही, त्यांना व्होल्टचा फरक बाधतो. त्यांत कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घाला. तो १.४ व्होल्टच्या आसपास असतो आणि औषधाच्या दुकानात मिळतो. वरचा चिकट कागद काढला की हवा लागून तो चालू होतो आणि मग वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. फोटो काढायला निघायच्या दिवशीच कागद काढा.

पहिला फोटो, सावकाश

रोल घातलात. आता सगळ्यात आधी फिल्मचा वेग कॅमेऱ्याला सांगा. शटरच्या डायलची बाहेरची कड उचलून फिरवली की छोट्या खिडकीतला आकडा बदलतो. डब्यावर २०० लिहिलंय तर खिडकीत २०० आणा. हा आकडा लावायला विसरलात तर पुढचं सगळं मोजमाप चोख करूनही अख्खा रोल चुकेल. मी एकदा ४०० ची फिल्म संपवून १०० ची घातली आणि खिडकीतला आकडा तसाच ठेवला. आळंदीची पूर्ण सकाळ दोन स्टॉप अंडर, म्हणजे कमी उजेडाची, गेली. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. चेहऱ्यांच्या जागी निगेटिव्हवर जवळजवळ कोरी काच होती. तेव्हापासून कॅमेऱ्याचं झाकण लावलं की पहिलं बोट त्या खिडकीवर जातं.

लेन्सवर ‘ऑटो’ आणि ‘मॅन्युअल’ असं लिहिलेली एक छोटी कळ असते. ती ऑटोवर ठेवा.

आता शटरचा वेग निवडा. ५५ मिलिमीटरची लेन्स हातात धरून सेकंदाच्या साठाव्या भागाच्या, म्हणजे डायलवरच्या ६० च्या, खाली जाऊ नका. दिवसाउजेडी १२५ किंवा २५० पासून सुरुवात करा. डायल नेहमी खटकन बसणाऱ्या आकड्यावरच ठेवायचा, दोन आकड्यांच्या मध्ये कधीही नाही. ॲपर्चरची रिंग मात्र मध्ये ठेवली तरी चालते.

मग फोकस. हा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबते. फोकस खटका खाली असताना, चित्र लख्ख असतानाच करायचा. पाती मिटलेली असली की पडद्यामधला तो बारीक कणांचा गोल काळा पडतो, शिवाय पुढचं-मागचं सगळंच थोडं थोडं स्पष्ट दिसतं आणि डोळा फसतो. मामा पाठीमागे उभा राहून सांगायचा, “अगं, काट्याकडे नंतर बघ. आधी माणसाकडे बघ.”

फोकस झाला. आता डाव्या हाताच्या बोटाने खटका वर करा. चित्र काळवंडेल आणि उजव्या कडेला काटा हलेल. काटा अधिकच्या बाजूला गेला तर उजेड जास्त होतोय, रिंग मोठ्या आकड्याकडे फिरवा. उण्याच्या बाजूला गेला तर छोट्या आकड्याकडे. रिंग फिरवताना चित्र आणखी मिटतं किंवा उजळतं आणि त्याबरोबर काटा सरकतो. डोळ्याला दिसणारा उजेड आणि काटा एकाच वेळी, एकाच गोष्टीने हलतात. उघड्या लेन्सवर मोजणाऱ्या कॅमेऱ्यात हे दिसत नाही. तिथे आकडे बदलतात, चित्र तसंच राहतं. इथे एफ ४ आणि एफ ११ यांतला फरक तुमच्या बुबुळाला कळतो. चार-पाच रोल झाल्यावर काटा बघायच्या आधीच अंदाज यायला लागतो. मला ही पद्धत प्रिय आहे ती यासाठी.

रिंग टोकाला गेली तरी काटा मध्ये येत नसेल तर शटर बदला. काटा मध्ये आला, फ्रेम परत एकदा बघा, दाबा. खटका खाली पडल्याचा आवाज येईल आणि चित्र पुन्हा उजळेल.

आणखी एक गोष्ट फुकट मिळते. खटका वर असताना जे दिसतं तेच फिल्मवर येणार. मागची भिंत किती स्पष्ट येईल, पुढची फांदी विरघळेल का, सगळं समोर असतं. अंधाराला डोळा सरावायला दोन-तीन सेकंद द्या आणि कडाकोपऱ्यांकडे बघा. एफ ११ ला मागचा विजेचा खांब माणसाच्या डोक्यातून उगवलेला दिसतो, एफ २.८ ला तोच खांब नाहीसा होतो.

काटा मध्ये आला म्हणजे फोटो बरोबर आला का

नेहमीच नाही. या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण यंत्र शिकायला एक दुपार पुरते, हे शिकायला वर्ष जातं.

समोर काय आहे हे मीटरला कळत नाही. त्याला फक्त किती उजेड येतोय एवढं कळतं आणि जग सरासरीने मध्यम करडं आहे, पडलेल्या उजेडाचा सुमारे १८ टक्के भाग परत फेकणारं, असं धरून तो चालतो. काळ्यावर धरलात तर काळ्याला करडं करेल, पांढऱ्यावर धरलात तर पांढऱ्यालाही करडं करेल.

आपल्याकडे हे दोन्ही प्रसंग रोज येतात. सह्याद्रीचा दगड काळा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवर घाट आहे, सगळा काळ्या बसाल्टचा. सकाळच्या उन्हात, २०० ची फिल्म, शटर २५०. पायऱ्यांनी फ्रेम भरली की काटा एफ ५.६ ला मध्ये येतो. त्यावर काढलात तर दगड राखाडी, पाण्यावरची चमक फाटलेली आणि ओल्या दगडाचं ते तुकतुकीत काळेपण गेलेलं. तो दगड मला काळाच हवा, म्हणून एफ ८ लावते. काटा उण्याकडे झुकलेला असतो आणि मी त्याला तसाच ठेवते.

आता उलटं. आषाढी वारी दिवे घाट चढतेय. ढगाळ उजेड, ४०० ची फिल्म. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, सगळी फ्रेम पांढरी. शटर २५०, काटा एफ ८ ला मध्ये. तसंच दाबलंत तर धोतरं मळकी आणि टोपीखालचे सावळे चेहरे काळेठिक्कर. इथे एक स्टॉप उघडायचा, एफ ५.६. धोतराच्या घड्या तरीही टिकतात, कारण निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड बऱ्यापैकी सोसते. कमी उजेड मात्र तिला सोसत नाही. शंका आली की निगेटिव्हवर थोडं जास्त द्या. स्लाइड फिल्मवर नेमकं उलटं, तिथे जास्त झालेलं परत येत नाही.

आभाळाचा त्रास वेगळा. माणूस उभा आहे, मागे मोठं आभाळ. सरासरीत आभाळच जिंकतं आणि माणूस काळा पडतो. उपाय सोपा आहे. खटका वर करून कॅमेरा थोडा खाली झुकवा, आभाळ फ्रेमबाहेर घालवा, जमिनीवर काटा मध्ये आणा. मग रिंगला हात न लावता कॅमेरा वर उचला, फ्रेम लावा, दाबा. काटा आता अधिककडे पळालेला दिसेल. पळू दे. आपल्याला हवा तो उजेड आपण आधीच मोजलाय.

कशावर मोजावं हे कळेनासं झालं तर स्वतःचा तळहात वापरा. माणसावर जसं ऊन पडतंय तसंच तळहातावर पडू द्या, कॅमेरा जवळ नेऊन फ्रेम तळहाताने भरा आणि काटा मध्ये आणा. फोकस करायची गरज नाही, मात्र कॅमेऱ्याची सावली हातावर पडू देऊ नका. तळहात मध्यम करड्यापेक्षा उजळ असतो, साधारण एक स्टॉप, म्हणून रिंग एक स्टॉप उघडा. आपला तळहात नक्की किती उजळ आहे हे घरी एकदा करड्या पुठ्ठ्याशी ताडून बघा. तो फरक जन्मभर कामाला येतो. कोकणात असाल तर उन्हातली जांभ्या दगडाची भिंत किंवा हिरवं गवत यांवर मोजूनही माझं काम चांगलं भागलेलं आहे.

आणि ताळा म्हणून एक जुना नियम पाठ असू द्या. स्वच्छ भर उन्हात एफ १६ आणि शटर फिल्मच्या आकड्याइतकं. २०० च्या फिल्मला २५०. सेल नवा आहे, ऊन कडक आहे आणि मीटर यापासून दोन-तीन स्टॉप लांबचं काही सांगतोय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. दुरुस्तीला देईपर्यंत या नियमावर काम चालवा. मामाने ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ रोलवर कित्येक वर्षं असंच केलं, सेल मिळतच नव्हता म्हणून.

अंधाऱ्या जागी

वाड्याच्या ओसरीत, देवळाच्या सभामंडपात एफ ८ ला खटका वर केला की काहीच दिसत नाही आणि काटाही मरगळतो. मीटरपर्यंत उजेडच पोचत नाही. अशा वेळी उघड्या लेन्सवर मोजा आणि पायऱ्या मोजत खाली या.

उदाहरण घेऊ. तुम्हाला एफ ५.६ हवाय. रिंग एफ २ वर ठेवा, खटका वर करा, शटर फिरवून काटा मध्ये आणा. समजा शटर ६० वर आला. एफ २ पासून २.८, ४, ५.६ या तीन पायऱ्या. शटरच्याही तीन पायऱ्या खाली: ३०, १५, ८. म्हणजे एफ ५.६ आणि एक अष्टमांश सेकंद. आता ट्रायपॉड लागणार, नाहीतर खांबाला कॅमेरा टेकवायचा. हा हिशेब बोटांवर होतो आणि तो अचूक असतो.

एक सावधगिरी. या मीटरमधल्या कॅडमियम सल्फाइडच्या डोळ्याला आपल्यासारखंच आहे, उन्हातून आत आलं की त्याला सरावायला वेळ लागतो. कॅमेरा बाहेरच्या आभाळावर रोखून लगेच गाभाऱ्यात मोजलंत तर आकडा चुकतो. आत जाऊन अर्धा मिनिट थांबा, मग मोजा.

वेगळ्या लेन्स

झेनिटबरोबर येणाऱ्या जुन्या हेलिऑस ४४-२ वर दोन रिंगा असतात. एक खटखट आवाज करत आकड्यावर बसते, दुसरी गुळगुळीत फिरते. पहिल्या रिंगवर शेवटचा आकडा ठरवायचा. दुसरी उघडून फोकस करायचा, मग दुसरी फिरवून त्या आकड्यापर्यंत मिटायची आणि मोजायचं. इथे पाती आपोआप मिटत नाहीत. फोकस करून मिटायला विसरलात तर फोटो उघड्या ॲपर्चरवर निघतो, चार-पाच स्टॉप ओव्हर.

ॲडॉप्टर लावून आट्याची लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसवलीत तर मागची ती पिन ढकलायला कोणी नसतं. लेन्सवरची कळ मॅन्युअलवर टाका, म्हणजे रिंग फिरवाल तशी पाती हलतील.

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब लावून फूल किंवा मुंगी जवळून टिपायची असेल, तर याच पद्धतीचा फायदा कळतो. ट्यूबमुळे उजेड कमी होतो, त्याचं गणित एरवी वहीत करावं लागतं. इथे काटा उरलेलाच उजेड मोजतो, गणित संपलं. पिवळ्या फिल्टरचंही तसंच. फक्त गडद लाल फिल्टरवर हा मीटर थोडा फसतो, कारण त्याचा डोळा लाल रंगाला जास्त हळवा असतो. लाल लावल्यावर मी एक स्टॉप जास्त देते.

मागून येणारा उजेड

हे फार जणांना उशिरा कळतं. स्पॉटमॅटिकचे दोन्ही डोळे तुम्ही जिथे डोळा लावता त्या काचेच्या दोन बाजूंना, आतल्या पडद्याकडे बघत बसवलेले आहेत. तुमच्या मागून ऊन आलं आणि डोळा आणि काच यांमध्ये फट राहिली, तर ते ऊन आत शिरून काट्याला अधिककडे ढकलतं. तुम्ही ॲपर्चर मिटता आणि फोटो अंडर येतो. खटका वर असताना आतलं चित्र अंधारलेलं असतं, त्यामुळे बाहेरून शिरलेला थोडासा उजेडही भारी पडतो. चष्मा असलेल्यांनी मोजताना डाव्या हाताचा आडोसा करावा. ट्रायपॉडवर असाल तरी मोजताना डोळा काचेला पूर्ण टेकलेला हवा.

पडताळून बघायला सोपं आहे. सूर्याकडे पाठ करून एफ ११ ला मोजा आणि डोळा हळूहळू काचेपासून लांब न्या. काटा सरकताना दिसेल.

पहिला रोल कसा वापरावा

आजच्या भावात रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून हजार रुपये सहज जातात, म्हणून पहिला रोल वाया जाईल ही भीती मला समजते. तरी पहिल्या छत्तीस फ्रेमपैकी बारा फ्रेम शिकण्यासाठी ठेवा. साधी निगेटिव्ह फिल्म घ्या, २०० किंवा ४०० ची.

चार जागा निवडा: एक उन्हातली, एक सावलीतली, एक काळ्या दगडाची किंवा काळ्या दाराची, एक पांढऱ्या भिंतीची किंवा वाळत घातलेल्या धोतरांची. प्रत्येक जागी तीन फ्रेम. पहिली काटा मधोमध असताना, दुसरी एक स्टॉप उघडून, तिसरी एक स्टॉप मिटून. छोट्या वहीत फ्रेमचा नंबर, शटर, ॲपर्चर आणि काटा कुठे होता हे लिहा. शाईने नको, पेन्सिलने, पावसात शाई पसरते.

रोल धुवायला देताना स्कॅन करणाऱ्याला सांगा की फ्रेम सुधारू नका, आहेत तशा द्या. नाहीतर त्याचं मशीन तिन्ही फ्रेम एकसारख्या करून देतं आणि तुमची वही निरुपयोगी होते. निगेटिव्हची पट्टी मात्र मागून घ्याच. ती खिडकीच्या काचेवर उजेडाकडे धरा, वही शेजारी उघडा. काळ्या दाराच्या तीन फ्रेम एकापुढे एक बघा. निगेटिव्हवर ते दार जवळजवळ पारदर्शक असतं. त्यात कडी, खिळे, लाकडाच्या रेषा ज्या फ्रेममध्ये अजून दिसतायत आणि दाराशेजारची भिंत अगदी काळीकुट्ट झालेली नाही, त्या फ्रेमचा नंबर वहीत गोल करा. काटा तेव्हा कुठे होता ते वाचा. पुढच्या काळ्या दारापाशी काटा तिथेच ठेवायचा.

पावसाळा सुरू झाला आणि कॅमेरा महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून वेगळ्या डबीत ठेवा, खटका खाली आहे ना ते बघा आणि लेन्स सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून पाती पाच-सहा वेळा उघडमिट करा.